खून झाल्यावरच फाईल का उघडते?

मंडळी, पोस्ट जरा मोठी आहे. घाईत असाल तर रात्री जेवणं झाल्यावर वाचा, पण वाचा. शेवटी आपल्या गावाचा विषय आहे, आणि थोडी माझी स्वतःची लाज पण आहे.

माझा भाचा माल्टात एका हॉटेलात कामाला आहे. माल्टा म्हणजे इटलीच्या खाली भूमध्य समुद्रातला बेटांचा देश. क्षेत्रफळ 316 चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या मुंबईच्या निम्मा. लोकसंख्या पाच लाखांच्या आसपास. देश कसला, एक मोठा तालुकाच म्हणा. पोरगा सुट्टीच्या दिवशी राजधानीत फिरायला गेला आणि तिथनं व्हिडिओ कॉल लावला. म्हणाला, "मामा, हे बघा, इथं कोर्टासमोर पुतळ्याच्या पायथ्याशी एका बाईचा फोटो आहे. फुलं, मेणबत्त्या, चिठ्ठ्या. इथली कोण देवी आहे का?"

देवी नव्हती. पत्रकार होती. डॅफ्नी कारुआना गालिझिया. नाव मी कधीतरी पेपरात वाचलेलं, पण तपशील माहीत नव्हता. दुकानात दुपारी गिऱ्हाईक कमी असतं (माझं झेरॉक्सचं दुकान तहसील कचेरीसमोर आहे हे तुम्हाला माहीतच आहे), तर आठ-दहा दिवस जमेल तसं वाचत बसलो. आणि वाचता वाचता असं वाटायला लागलं की ही गोष्ट माल्टाची नाहीच.

16 ऑक्टोबर 2017, सोमवार. दुपारी तीनच्या सुमाराला डॅफ्नी बिदनिया नावाच्या खेड्यातल्या घरातून बाहेर पडली. अर्ध्या तासापूर्वीच तिनं ब्लॉगवर शेवटची पोस्ट टाकली होती. निघाली होती बँकेत. कारण काय, तर एका मंत्र्यानं लावलेल्या बदनामीच्या दाव्यात तिची खाती गोठवलेली. घरखर्चाला नवऱ्यानं सही करून ठेवलेले चेक वापरायची. चेकबुक विसरलं म्हणून एकदा परत घरात आली, ते घेतलं, पुन्हा निघाली. घरापासून थोड्या अंतरावर गाडीत बॉम्ब फुटला. मुलगा घरातच होता. आवाज ऐकून अनवाणी धावत गेला.

वय 53. अंगावर चाळीसहून जास्त बदनामीचे दावे.

आता तपास कसा लागला ते बघा, कारण खरी गोष्ट तिथं आहे.

बॉम्ब उडवला होता मोबाइलच्या मेसेजनं, बंदरात उभ्या असलेल्या एका बोटीवरून. ज्यानं उडवला त्यानं बॉम्बसाठी वेगळं सिम घेतलं होतं, सगळी काळजी घेतली होती. पण त्याच्या स्वतःच्या फोनमधला बॅलन्स संपला. त्यानं मित्राला फोन करून पाच युरोचं रिचार्ज मारायला सांगितलं. त्या रिचार्जनं बोटीवरचा माणूस हाती लागला. एवढं मोठं कारस्थान, आणि सापडलं रिचार्जवर! डिसेंबर 2017 मध्ये तिघांना अटक झाली. दोघे सख्खे भाऊ आणि त्यांचा एक साथीदार. सुपारी दीड लाख युरोची.

बऱ्याच देशांत गोष्ट इथंच संपते. भाड्याचे मारेकरी आत, फोटो पेपरात, पोलिसांचा सत्कार. माल्टातही जवळजवळ दोन वर्षं ती तिथंच थांबली होती. पैसे कोणी दिले, का दिले, हा प्रश्न लोक विचारत होते आणि सरकार म्हणत होतं, तपास चालू आहे.

नोव्हेंबर 2019 मध्ये पोलिसांनी एका टॅक्सीवाल्याला पकडलं. तेही खुनासाठी नाही, काळ्या पैशाच्या दुसऱ्या प्रकरणात. मेल्विन तेउमा त्याचं नाव. त्याच्याजवळ आइस्क्रीमचा डबा होता आणि डब्यात ध्वनिमुद्रणं. आपल्याला उद्या उडवतील या भीतीनं त्यानं संभाषणं टेप करून ठेवली होती. त्यानं सांगितलं, सुपारीचा मधला माणूस मी. मला माफी द्या, सगळं सांगतो. माफी मिळाली. त्याच आठवड्यात पहाटेच्या अंधारात एक यॉट बंदर सोडून निघाली होती, ती पोलिसांनी अडवली. यॉटवर होता योर्गन फेनेक, देशातल्या बड्या उद्योगपतींपैकी एक. खुनात सामील असल्याचा आरोप त्याच्यावर ठेवला गेला. तो आरोप त्यानं नाकारला आहे, 2025 च्या जानेवारीत तो जामिनावर बाहेर आला. खरं-खोटं तिथलं न्यायालय ठरवेल. मी इथं फक्त जे कागदावर आलं तेवढंच सांगतो.

तर त्या टॅक्सीवाल्याच्या डब्यात एक फोटोही होता. पंतप्रधानांचे चीफ ऑफ स्टाफ कीथ स्केम्ब्री यांच्यासोबत, थेट पंतप्रधान कार्यालयातला. आणि चौकशीत आणखी एक गोष्ट पुढे आली. 2017 मध्येच या टॅक्सीवाल्याला एक सरकारी नोकरी मिळाली होती. कामावर जायचं नाही, पगार घ्यायचा. आपल्याकडे याला काय म्हणतात ते मी लिहीत नाही, तुम्हाला माहीत आहे.

बघा, खुनाचा तपास चालू होता आणि बाहेर पडत होती हजेरीपटावरची बोगस नोकरी. मग एकामागून एक धागे. फेनेक ज्या कंपनीत संचालक होता तिला सरकारकडून नव्या वीजप्रकल्पाचं कंत्राट मिळालं होतं. वीज स्वस्त करू, असं म्हणून तो पक्ष 2013 ला निवडून आला होता. त्याच फेनेकची दुबईत एक कंपनी होती, नाव '17 ब्लॅक'. आणि हे स्केम्ब्री आणि वीज खातं सांभाळणारे मंत्री कॉनरॅड मिझी यांनी सत्तेत आल्यावर पनामात कंपन्या काढल्या होत्या. त्यांच्या हिशेबनिसाच्या ईमेलमध्ये लिहिलेलं होतं की या पनामा कंपन्यांना पैसे येतील ते मुख्यतः दुबईच्या '17 ब्लॅक'कडून. पैसे प्रत्यक्ष पोचल्याचा पुरावा पुढे आलेला नाही आणि दोघांनीही काही गैर केल्याचं नाकारलं. पण नळ कुठनं कुठं जोडायचा याचा नकाशा तयार होता.

पोलीस खात्याचं तर विचारूच नका. तपासावर असलेल्या उपायुक्ताची बायको मंत्री होती. कोर्टानं 2018 मध्ये त्याला या तपासातून बाजूला केलं. मग कळलं की हेच साहेब फेनेकसोबत फुटबॉलचा सामना बघायला परदेशात गेले होते.

लोक रस्त्यावर आले. पंतप्रधान कार्यालयासमोर रोज गर्दी, अंडी फेकली, खोट्या नोटा उधळल्या. नोव्हेंबर संपता संपता स्केम्ब्री आणि मिझी यांनी पदं सोडली. 1 डिसेंबरला पंतप्रधान जोसेफ मस्कत यांनी आपण जाणार असं जाहीर केलं आणि 13 जानेवारी 2020 ला नव्या पंतप्रधानानं शपथ घेतली. पोलीस प्रमुखही गेले. ज्या पक्षाला 2017 मध्ये जनतेनं दणदणीत बहुमत दिलं होतं, त्याचं नेतृत्व एका खुनाच्या तपासानं उलथलं.

इथपर्यंत वाचून मला पण बरं वाटलं होतं. सत्याचा विजय वगैरे.

पण मग एक गोष्ट डोक्यात शिरली आणि जाईना. या तपासानं नवीन असं उघड काय केलं? पनामातल्या कंपन्यांबद्दल डॅफ्नीनं फेब्रुवारी 2016 मध्येच लिहिलं होतं, पनामा पेपर्सची बातमी जगभर गाजायच्या आधी. '17 ब्लॅक'चं नाव तिनं फेब्रुवारी 2017 मध्ये घेतलं होतं. मालक कोण हे रॉयटर्स आणि तिथल्या एका दैनिकानं नोव्हेंबर 2018 मध्ये छापलं. सगळं लोकांसमोर होतं. पोलिसांना वाचता येत होतं. एकाही फाईलवरची धूळ कोणी झटकली नाही. तीच माणसं, त्याच कंपन्या, तेच कागद. फक्त आधी मागणारी बाई जिवंत होती म्हणून 'आरोप' होते, आणि ती मेल्यावर 'पुरावे' झाले.

म्हणजे तपासानं भ्रष्टाचार उघड केला हे आपण म्हणतो ते अर्धवट आहे. उघड तिनंच केला होता. तपासानं फक्त एवढं सिद्ध केलं की तेव्हा बघायला कोणी तयार नव्हतं.

तिचं सगळंच बरोबर निघालं असंही नाही, हे पण सांगायला पाहिजे. पनामातली तिसरी कंपनी पंतप्रधानांच्या पत्नीची आहे, असं तिनं लिहिलं होतं. न्यायाधीशांच्या चौकशीत 2018 मध्ये त्याला पुरावा सापडला नाही. ती लिहायची पण बोचरं, कधीकधी लोकांच्या कपड्यांवर, बोलण्यावर घसरायची. अनेकांना आवडायची नाही. पण आवडण्याचा काय संबंध? चुकीचं लिहिलं तर खुलासा करा, कोर्टात जा. खाती गोठवून, चाळीस दावे लावून तिला खिंडीत कशाला गाठायचं?

पुढे तीन न्यायाधीशांच्या मंडळानं सार्वजनिक चौकशी केली. जुलै 2021 मध्ये चारशेहून जास्त पानांचा अहवाल आला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: बॉम्ब सरकारनं ठेवला असा पुरावा नाही, पण या खुनाची जबाबदारी सरकारला घ्यावी लागेल. कारण काहीही केलं तरी आपलं कोण वाकडं करणार, असं वातावरण वरून, थेट पंतप्रधान कार्यालयातून तयार झालं आणि ते पोलिसांपर्यंत, नियामक संस्थांपर्यंत झिरपत गेलं. दुसरं, या बाईला एकटं पाडलं गेलं. तिला 'बिदनियाची चेटकीण' म्हणायचे. पंतप्रधान कार्यालयातलाच एक माणूस तिच्याविरुद्ध ब्लॉग चालवायचा. ती दुकानात दिसली, रस्त्यात दिसली की साधे साधे लोक फोटो काढून पाठवायचे आणि ते तिथं छापले जायचे. फोटो काढणाऱ्यांच्या मनात काही खून नव्हता. त्यांना गंमत वाटत होती.

हे वाचलं आणि मी मोबाइल खाली ठेवला.

कारण सांगतो. पण त्याआधी आपल्याकडचं.

13 जानेवारी 2010. तळेगाव दाभाडे. सतीश शेट्टी सकाळी फिरायला गेले होते, परतताना पेपर घ्यायला थांबले, तिथं तोंड झाकलेल्या माणसांनी त्यांच्यावर शस्त्रांनी वार केले. वय चाळिशीच्या आत. माहिती अधिकारात अर्ज टाकून मावळातले जमिनीचे व्यवहार बाहेर काढणारा माणूस. जिवाला धोका आहे, संरक्षण द्या, असं त्यांनी आधी लिहून दिलं होतं. मिळालं नाही. उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली, तपास सीबीआयकडे गेला. मग तो बंद झाला, उघडला, परत बंद झाला. कोणाला शिक्षा नाही. तळेगावला आइस्क्रीमचा डबा सापडला नाही, बस एवढाच फरक.

आणि मस्साजोग तर तुमच्या डोळ्यासमोर आहे. 9 डिसेंबर 2024 ला सरपंच संतोष देशमुखांचं अपहरण करून खून झाला. नंतर आरोपपत्रातून कळलं की मुळात पवनचक्कीच्या कंपनीकडे मागितलेल्या दोन कोटींच्या खंडणीचं प्रकरण आहे. राज्यातल्या मंत्र्याला राजीनामा द्यावा लागला. खटला चालू आहे, दोषी कोण ते कोर्ट ठरवेल. पण खरं सांगा, पवनचक्कीवाल्यांकडून पैसे मागितले जातात हे त्या भागात खुनाच्या आधी कोणाला माहीत नव्हतं? चहाच्या टपरीला माहीत होतं, पोलीस ठाण्याला माहीत नव्हतं, असं होतं का?

आता माझं.

मला चौथीला शिकवणारे एक गुरुजी आहेत. नाव लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. आपल्या पाणी योजनेचं काम झालं तेव्हा ते रोज खड्ड्यापाशी जाऊन उभे राहायचे. एक दिवस टेप घेऊन खाली उतरले. अंदाजपत्रकात 110 एमएमची पाइप, खड्ड्यात 90 ची. त्यांनी दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकाराचा अर्ज टाकला. अंदाजपत्रक, एमबी, बिलं, सगळं मागितलं. तीस दिवसांत उत्तर पाहिजे, आलं नाही. मग प्रथम अपील. हे सगळे कागद ते माझ्याच दुकानात झेरॉक्स करायचे. पैसे देताना पुन्हा पुन्हा मोजून द्यायचे.

ठेकेदाराकडचा एक पोरगा पण माझं रोजचं गिऱ्हाईक. बिलांच्या, टेंडरच्या झेरॉक्सचे दिवसाला शे-दोनशे रुपये त्याच्याकडून येतात. एकदा त्यानं सहज विचारलं, "काका, मास्तर सारखे कसल्या झेरॉक्सी काढतात?"

मी सांगितलं. पाणी योजनेच्या म्हणून सांगितलं, आणि वर हसून म्हणालो, "म्हाताऱ्याला दुसरा उद्योग नाही रे."

एवढंच. एक वाक्य.

चार-पाच दिवसांनी रात्री गुरुजींच्या दारातल्या स्कूटीची सीट कोणीतरी ब्लेडनं फाडली, दोन्ही चाकांची हवा सोडली. कोणी केलं मला माहीत नाही. मी कोणावर आरोप करत नाही, मुलांचा उपद्व्याप पण असू शकतो. गुरुजी मला काही बोलले नाहीत. फक्त दुकानात यायचे थांबले. पुढच्या आठवड्यात एसटी स्टँडजवळच्या दुसऱ्या दुकानाबाहेर पिशवी घेऊन उभे दिसले. माझ्या दुकानात रुपया, तिथं दोन रुपये पान. पेन्शनीतला माणूस दुप्पट पैसे देऊन लांब जातोय, तो कशासाठी, हे मला कळलं नव्हतं असं नाही. मी काउंटरवरचे कागद चाळत बसलो.

माल्टात ज्यांनी बाजारात त्या बाईचे फोटो काढले, त्यांच्यात आणि माझ्यात काय फरक आहे, ते तुम्ही सांगा.

आपल्याला वाटतं खून म्हणजे बॉम्ब, कोयता, सुपारी. ते शेवटचं टोक आहे. त्याच्या आधी बरीच वर्षं बारीक बारीक कामं चाललेली असतात आणि ती आपल्यासारखी सज्जन माणसंच करतात. "त्यांचं काय, त्यांना सवयच आहे." "ब्लॅकमेलर असणार." "कोणाचा तरी माणूस आहे." "म्हाताऱ्याला उद्योग नाही." विचारणारा एकटा आहे हे एकदा गावानं दाखवून दिलं की पुढचं काम करणाऱ्याला भीती राहत नाही. शंभर माणसं सोबत असतील तर सीट फाडायची पण हिंमत होत नाही.

माल्टातली एक गोष्ट मात्र मला फार आवडली. कोर्टासमोरच्या त्या पुतळ्यापाशी लोक फुलं-मेणबत्त्या ठेवायचे. सरकारी कामगार रात्री ती उचलून न्यायचे. सकाळी लोक परत ठेवायचे. रात्री उचलली, सकाळी परत. असं महिनोन्महिने. 2020 च्या जानेवारीत तिथल्या न्यायालयानं सांगितलं की ती उचलायला लावून मंत्र्यानं नागरिकांच्या अभिव्यक्ती स्वातंत्र्याचा भंग केला. दर महिन्याच्या 16 तारखेला लोक तिथं जमत राहिले. टॅक्सीवाल्याचा डबा सापडायच्या आधीची दोन वर्षं तो खटला जिवंत ठेवला तो या लोकांनी. तिची मुलं, नवरा, बहिणी, आणि 18 माध्यमसंस्थांचे 45 पत्रकार, ज्यांनी एकत्र येऊन तिचं अर्धवट काम पुढे नेलं. प्रत्यक्ष बॉम्ब ठेवणाऱ्या दोघा भावांना 40-40 वर्षं झाली, तिसऱ्याला 15. 2025 मध्ये बॉम्ब पुरवणाऱ्या दोघांना जन्मठेप झाली. आणि उगाच दावे लावून पत्रकारांना छळण्याविरुद्ध युरोपनं 2024 मध्ये कायदा केला, त्याला लोक तिच्याच नावानं ओळखतात.

चांगलंच आहे. पण फुलं फोटोसमोर ठेवण्यापेक्षा माणूस जिवंत असताना त्याच्या शेजारी जाऊन उभं राहणं स्वस्त पडतं. एवढंच मला सांगायचं होतं.

परवा संध्याकाळी गुरुजींच्या घरी गेलो. सगळं सांगितलं, मी काय बोललो ते शब्दन् शब्द. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तू सांगितलंस ते बरं केलंस. पोरगं विचारत होतं ते मला माहीत होतं, तू हसलास ते माहीत नव्हतं." मला मान वर करता येईना. काकूंनी चहा आणला. गुरुजींनी कप पुढे सरकवला आणि म्हणाले, "आता रडत बसू नकोस. गुरुवारी अपिलाची सुनावणी आहे, ये. आणि 110 चा एक तुकडा अन् 90 चा एक तुकडा मिळाला कुठं तर घेऊन ये. साहेबांना डोळ्यांनी दिसला पाहिजे फरक."

दोन्ही तुकडे मिळालेत. हार्डवेअरवाल्यानं पैसे घेतले नाहीत.

तर मंडळी, कमेंटमध्ये 'सलाम' आणि हात जोडलेले बाहुले टाकू नका. पंचायत समितीत यायचं तर या. घोषणा नाही, बॅनर नाही, कोणावर आरोप नाही. नुसतं बाहेर व्हरांड्यात उभं राहायचं, म्हणजे आतल्यांना कळेल की म्हातारा एकटा आलेला नाही.

गुरुवारी सकाळी 11 वाजता. दुकान दुपारपर्यंत बंद राहील.